निरामय आरोग्य विमा: भावासाठी बरीच वर्षं वापरतेय, सविस्तर रिव्ह्यू

ज्यांच्या घरात बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं कुणी आहे आणि अजून निरामयचं कार्ड काढलेलं नाही, त्यांनी हे वाचून झालं की आधी ते काढा. माझ्या तक्रारी आहेत, बऱ्याच आहेत, पुढे सगळ्या लिहिते, पण त्या वाचून कुणी काढायचं राहू नये म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकते.

माझा धाकटा भाऊ आता चाळिशीला आलाय, डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनची बौद्धिक अक्षमता. आम्ही सातारा जिल्ह्यातले. बाबा नाहीत, आईने सत्तरी ओलांडली, त्यामुळे सगळी कागदपत्रं, बिलं, क्लेम हे माझ्याकडे. पालकांच्या ग्रुपवर दर मार्चमध्ये तेच तेच प्रश्न येतात की ताई हे घेऊ का, खरंच पैसे मिळतात का, मेडिक्लेम असताना कशाला, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवावं.

आधी हे नेमकं काय आहे ते. १९९९ च्या कायद्याने केंद्र सरकारने राष्ट्रीय न्यास नावाची संस्था काढली, नॅशनल ट्रस्ट म्हणतात तीच, आणि ती फक्त वर लिहिलेल्या चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी आहे. निरामय ही त्यांची आरोग्य विमा योजना. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत कव्हर. वयाची अट नाही, आधी मेडिकल तपासणी नाही, जन्मापासूनचा आजार आहे म्हणून नकार नाही, वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला पहिल्यांदा २५० रुपये, बाकीच्यांना ५००. नंतर दरवर्षी रिन्यू करायला दारिद्र्यरेषेखाली ५० आणि इतरांना २५०. हो, वर्षाचे. घरातल्या इतर कुणाच्याही मेडिक्लेमचा हप्ता डोळ्यांसमोर आणा आणि मग हा आकडा परत वाचा.

खासगी मेडिक्लेमचा आमचा अनुभव असा की एका एजंटने फॉर्म भरायला घेतला, डाऊन सिंड्रोम वाचलं, वरिष्ठांशी बोलतो म्हणाला आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. २०२३ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या कंपन्यांना सांगितलं की दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवायलाच पाहिजे, त्यामुळे आता दार तरी उघडलंय, पण हप्ता आणि अटी वाचल्या की आपल्यासारख्यांना विचार करावा लागतो. निरामयमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण ती काढलीय त्यांच्यासाठीच. कुठेही आपल्या माणसाला लपवून, कमी करून सांगावं लागत नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर हे केलंय त्यांना यातला दिलासा समजेल.

पण मला हा रिव्ह्यू मुख्यतः एका गोष्टीसाठी लिहायचाय आणि ती म्हणजे ओपीडी. बहुतेक लोक निरामय काढतात आणि कार्ड कपाटात ठेवतात, उद्या ॲडमिट करायची वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून. मी म्हणते ॲडमिट करायची वेळ येऊ नये म्हणून ते वापरा. या विम्यात हॉस्पिटलात भरती व्हायची सक्ती नाही. साधं डॉक्टरकडे गेलो, त्यांनी औषध लिहिलं, रक्त तपासायला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं, तर त्याचा क्लेम करता येतो. आजारी नसतानाची नियमित तपासणीसुद्धा यात बसते. आपल्याकडच्या विम्यांमध्ये हे फार कमी सापडतं, आणि आपल्या मुलांना, म्हणजे चाळिशीची झाली तरी आपण मुलंच म्हणतो, नेमकी याचीच गरज सगळ्यात जास्त असते.

का ते सांगते. मध्यंतरी भाऊ एकदम बदलला. सकाळी उठेना, कार्यशाळेत जायला नको म्हणे, तिथे मेणबत्त्यांचं पॅकिंग हे त्याचं आवडतं काम, तेही हातात घेईना, बोलणं कमी झालं, जाड व्हायला लागला, कुणी काही म्हटलं की चिडायचा. एका डॉक्टरांनी तपासलंही नाही नीट, म्हणाले अशी मुलं वय वाढलं की हट्टी होतात, तुम्ही मनावर घेऊ नका. आई गप्प बसली. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पहिल्यांदा थायरॉईड करायला सांगितलं आणि टीएसएच भरमसाट वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईडचं काम मंदावलेलं. गोळी सुरू झाली, हळूहळू माणूस परत आला. कामावर जायला लागला, स्वतःहून डबा मागायला लागला.

हे काही आमच्याच बाबतीत झालं असं नाही, यावर जगात चांगला अभ्यास झालेला आहे. आजाराची लक्षणं दिसत असताना डॉक्टर ती दिव्यांगत्वाच्या खात्यावर टाकतात आणि मूळ आजार तसाच राहतो, ही संशोधनात नोंद झालेली, नाव मिळालेली गोष्ट आहे, १९८० च्या दशकापासून त्यावर लिहिलं जातंय. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने बौद्धिक अक्षमता असलेल्या २४७ जणांच्या मृत्यूंची एकेक करून चौकशी केली, त्याचा अहवाल २०१३ ला आला. त्यात दिसलं की इतर लोकांच्या तुलनेत हे पुरुष १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी गेल्या. आणि त्यामागे बौद्धिक अक्षमतेपेक्षा उशिरा झालेलं निदान, अर्धवट राहिलेल्या तपासण्या, घरचे सांगत होते ते ऐकून न घेणं, अशी कारणं पुन्हा पुन्हा सापडली. घरचे सांगत होते ते! हे वाचलं तेव्हा मला आईचा गप्प बसलेला चेहरा आठवला. तिकडे १४ वर्षांपासून पुढच्या अशा प्रत्येकाला, डॉक्टरांच्या यादीत नाव असेल तर, वर्षातून एकदा पूर्ण तपासणीसाठी बोलावतात. दुखतंय हे जो सांगू शकत नाही त्याला दुखायची वाट न बघता तपासायचं, एवढा साधा विचार आहे त्यामागे.

आपल्याकडे असं बोलावणं कुणी पाठवत नाही. पण निरामयमधला ओपीडी आणि तपासणीचा भाग वापरून ते आपलं आपण करता येतं आणि माझ्या मते या योजनेची खरी किंमत तिथे आहे. आम्ही दरवर्षी एक ठरावीक महिना धरलाय. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉईड वर्षातून एकदा बघायचंच. डोळे, कारण मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. कान, मळ साठून साठून ऐकू कमी येतं आणि आपल्याला वाटतं ऐकत नाही, दुर्लक्ष करतोय. दात आणि हिरड्या, यांच्यात हिरड्यांचे आजार फार असतात आणि दातदुखीने माणूस जेवत नाही, रात्री झोपत नाही, आणि आपण म्हणतो मूड गेलाय. झोपेत घोरणं, श्वास अडकणं हेही डॉक्टरांना सांगायचं. हृदयाचं म्हणाल तर डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः काहीतरी दोष असतो, लहानपणी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला नसेल तर तो आधी. आणि चाळिशीनंतर विसरभोळेपणा, सवयीची कामं विसरणं, यावर लक्ष ठेवायचं, कारण अल्झायमर यांच्यात लवकर येतो, पण तो आलाय असं ठरवण्याआधी परत थायरॉईड, कान, डोळे, डिप्रेशन हे सगळं बघून घ्यायला सांगा, कारण यातलं बरंचसं बरं होणारं असतं. ज्यांच्याकडे फिट्स आहेत त्यांची यादी वेगळी, ती तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता एक लाख म्हणजे एक लाख हाताला येतात असं नाही. त्याचे आत कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्याला वेगळी मर्यादा. सगळ्यात मोठा हिस्सा ऑपरेशन आणि भरतीचा. मग ओपीडी, त्यात औषधं, रक्त तपासण्या, नियमित तपासणी, दात. मग थेरपी. मग आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे पर्यायी उपचार. आणि प्रवासखर्च, तो वर्षाला अख्खा १,००० रुपये. हे कप्प्यांचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून मी इथे सगळे लिहीत नाही, त्या वर्षीचा तक्ता राष्ट्रीय न्यासाच्या वेबसाइटवर बघा आणि प्रिंट काढून फाइलला लावा. एका कप्प्यातले उरलेले पैसे दुसरीकडे वापरता येत नाहीत हे लक्षात ठेवूनच हिशोब करायचा.

थेरपीचा कप्पा मला सगळ्यात तोकडा वाटतो. लहान मूल असेल आणि स्पीच, ऑक्युपेशनल, फिजिओ असं सगळं आठवड्याला चालू असेल तर ही रक्कम वर्षभर पुरूच शकत नाही. आमच्या भागात एका सेशनला ५०० च्या आत कुणी करत नाही, पुण्यात त्याहून जास्त, तुम्हीच गणित करा. पण मोठ्या माणसांच्या पालकांना मी सांगेन की हा कप्पा आपलाही आहे, तो सोडून देऊ नका. थेरपी म्हणजे लहान मुलांची गोष्ट असं डोक्यात बसलंय. भावाचा गुडघा दुखायला लागला तेव्हा फिजिओ केली, त्याचा क्लेम झाला. चाळिशीत चालणं टिकलं तर पुढची वीस वर्षं त्याची आणि त्याला सांभाळणाऱ्याची दोघांची सोपी जातात.

प्रवासाच्या कप्प्याबद्दल बोलायचं तर १,००० रुपये फारच कमी आहेत. आम्हाला स्पेशालिस्टकडे जायचं म्हणजे तालुक्याहून साताऱ्याला नाहीतर पुण्याला, आणि त्याला एसटीत गर्दीच्या वेळी नेता येत नाही, घाबरतो, मग गाडी करावी लागते. रिकामी एसटी मिळाली तर सवलत आहे, दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सूट, ते आम्ही वापरतो. पण डॉक्टरपर्यंत पोचण्याचा खर्च हा खेड्यातल्या घरांसाठी डॉक्टरच्या फीपेक्षा मोठा असतो हे योजना करणाऱ्यांनी धरायला पाहिजे.

आता माझी मोठी तक्रार. कागद.

पैसे आधी आपण खर्च करायचे, मग बिलं लावून क्लेम करायचा, मग ते खात्यात येतात. ऐकायला ठीक आहे. प्रत्यक्षात प्रत्येक औषधाच्या बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी पाहिजे, चिठ्ठीची आणि बिलाची तारीख जुळली पाहिजे, चिठ्ठीवर डॉक्टरांचा शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर, बिलावर दुकानाचा नंबर, रिपोर्टसोबत पावती, आणि सगळीकडे पेशंटचं नाव यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, आहे तसंच्या तसं. आमच्या मेडिकलवाल्याने प्रेमाने बिलावर भावाचं घरातलं नाव लिहिलं, सगळं गाव त्याला त्याच नावाने ओळखतं, आणि तो क्लेम परत आला. परत बिल करून घ्या, परत पाठवा. आता दुकानात शिरल्याबरोबर मी कार्डाची झेरॉक्सच पुढे ठेवते. आजाराने दमलेल्या घराला हे सगळं दर महिन्याला जमवायचंय, आणि अर्धी घरं यातच हरतात. आमच्या ग्रुपवर कितीतरी आया आहेत ज्यांनी कार्ड दरवर्षी रिन्यू केलं पण कधी एक रुपयाचा क्लेम केला नाही, कारण फॉर्म बघूनच धास्ती घेतली. यातल्या बऱ्याच जणी एकट्या आहेत, काही जणींना इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही, काहींना मुलाला कुणाजवळ ठेवून झेरॉक्सच्या दुकानात जाणंही शक्य नसतं.

यावर संशोधन करणाऱ्यांनी फार पूर्वीपासून बोट ठेवलंय. आपल्या सिकंदराबादला १९८४ मध्ये बौद्धिक अक्षमतेवर काम करणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली, आधी एनआयएमएच म्हणायचे, आता एनआयईपीआयडी, खारघरला तिचं केंद्रही आहे. त्यांनी नव्वदच्या दशकात भारतीय कुटुंबांचा अभ्यास करून कुटुंबाच्या गरजा मोजायची प्रश्नावली बनवली. त्यात पालकांच्या गरजांमध्ये आजाराची माहिती आणि मुलाला शिकवणं तर आहेच, पण पैसा, सरकारी सवलती आणि कायदा, पुढची सोय, हाताखाली मदत, स्वतःच्या मनाची अवस्था, घरातली नाती, हेही सगळं धरलंय. आणि मला सगळ्यात भावलं ते हे की भावंडांसाठी आणि आजीआजोबांसाठी त्यांनी वेगळ्या प्रश्नावल्या केल्या. म्हणजे तीस वर्षांपूर्वी कुणीतरी बसून विचार केला की बहिणीला काय हवंय हे तिलाच विचारलं पाहिजे. मला आजतागायत कुठल्या ऑफिसात, कुठल्या दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. फॉर्मवर नातं काय एवढंच विचारतात.

अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्स राज्यांत १९८८ पासून अशा ४६१ आयांचा अभ्यास केला, ज्यांची मुलं मोठी होऊन त्यांच्याबरोबरच घरी राहत होती, आणि त्यांच्या मागे वर्षानुवर्षं राहून बघितलं की हे सांभाळणं म्हातारपणापर्यंत कसं चालतं. आणि इंग्लंडमधल्या एरिक इमर्सन वगैरे अभ्यासकांनी दाखवून दिलं की अशा मुलांच्या आयांना जो मानसिक त्रास जास्त असतो त्यातला बराच भाग मुलाच्या दिव्यांगत्वातून येत नाही, घरच्या गरिबीतून, ओढाताणीतून येतो. हे मला इतकं पटलं, कारण आमच्या ग्रुपवर जी आई रडते ती मुलाला बोलता येत नाही म्हणून क्वचित रडते, गोळ्यांचे पैसे, गेलेली नोकरी, तुटलेली नाती यासाठी रडते. म्हणून २५० रुपयांत मिळणारा हा विमा आणि त्यातले ओपीडीचे परत येणारे काही हजार ही मला फार मोठी गोष्ट वाटते, आणि म्हणूनच ते कागदात अडकले की जीव तुटतो. मदत आईपर्यंत पोचायची असेल तर आईकडून एवढी कारकुनी मागून चालणार नाही.

यात एक चांगला भाग म्हणजे नोंदणीकृत संस्था. राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थांमार्फत फॉर्म भरता येतो, आणि आमच्याकडे विशेष शाळा चालवणाऱ्या एका संस्थेतल्या मॅडम आहेत त्या दर वर्षी मार्चच्या आधी फोन करून आठवण करतात, कागद तपासून देतात, क्लेमची पहिली फाइल त्यांनीच समोर बसवून शिकवली. अशी मॅडम ज्यांना मिळाली त्यांच्यासाठी ही योजना पाच स्टार. ज्यांना नाही त्यांना मी तीन म्हणेन. एका ठिकाणी मात्र फॉर्म भरून द्यायचे भलतेच पैसे मागितल्याचं आमच्या ग्रुपवरच्या एका ताईंनी सांगितलं, तसं कुणी मागत असेल तर देऊ नका, ठरलेली फी वर लिहिलीय तेवढीच, दुसऱ्या संस्थेत जा. संस्थांची जिल्हावार यादी वेबसाइटवर आहे.

फॉर्मला लागतं काय तर दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, पत्त्याचा पुरावा, बँकेचं पासबुक किंवा कॅन्सल्ड चेक, आणि दारिद्र्यरेषेखाली असाल तर त्याचा दाखला. यूडीआयडीवर दिव्यांगत्वाचा प्रकार नीट छापलाय ना ते बघा, कारण योजना फक्त त्या चार प्रकारांना आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार केले, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो, पण निरामय २१ सगळ्यांना नाही. बँक खातं शक्यतो त्याच्या नावाचं उघडून ठेवा, पुढे पेन्शन, सवलती सगळ्यालाच लागतं.

पॉलिसीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. मध्येच काढलं तरी मार्चअखेर संपतं, म्हणून नवीन काढणाऱ्यांनी एप्रिलमध्येच काढा म्हणजे पूर्ण वर्ष मिळेल. क्लेम कुठे पाठवायचा तो पत्ता गेल्या वर्षीचा धरू नका, विमा कंपनी आणि टीपीए, म्हणजे तिच्या वतीने क्लेम बघणारी मधली कंपनी, बदलू शकतात, दर वर्षी नवीन कार्ड डाउनलोड करून त्यावरचं वाचा. बिलं साठवून ठेवायची नाहीत, मुदत असते, महिन्याच्या महिन्याला पाठवायची सवय लावा. ओरिजिनल जातात म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो आणि एक झेरॉक्स घरी. स्पीड पोस्टची पावतीसुद्धा त्याच फाइलला.

महात्मा फुले जनआरोग्य योजना असताना निरामय कशाला हा प्रश्न नेहमी येतो. दोन्ही ठेवा, कामं वेगळी आहेत. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, कॅशलेस आहे, मोठं ऑपरेशन असेल तर आधी तिकडेच जायचं, पण ठरलेल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच. तिथे थायरॉईडची गोळी, दात साफ करणं, फिजिओ बसत नाही. निरामय कुठल्याही डॉक्टरांकडे चालते, म्हणजे ज्या डॉक्टरांना माझा भाऊ ओळखतो, ज्यांच्या खुर्चीत तो न घाबरता बसतो, त्यांच्याकडेच जाता येतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसासाठी ओळखीचा डॉक्टर हा अर्धा उपचार असतो, नवीन ठिकाणी रक्त काढायला चार माणसांनी धरावं लागतं आणि ओळखीच्या ठिकाणी तो स्वतः हात पुढे करतो. नोकरी करणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगते, जुन्या कररचनेत असाल तर आयकराच्या ८०डीडी कलमाखाली ७५,००० आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची वजावट मिळते, भावंडांवर अवलंबून असलेला भाऊ किंवा बहीण असेल तरी चालते, हे पुष्कळ सीए लोकही आपणहून सांगत नाहीत.

मी बदल सुचवायला बसले तर पहिला हाच की फॉर्म मराठीत द्या, आणि ओपीडीसाठी वर्षाची एक ठरलेली तपासणी सरळ कॅशलेस करा, जिल्हा रुग्णालयात एक दिवस नेमून, ज्या दिवशी रांग नसेल, गोंगाट नसेल, थायरॉईड, कान, डोळे, दात एकाच फेरीत होतील. याला लाखोंचं मशीन लागत नाही. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेले म्हणून सुमारे १५ लाख लोक मोजले गेले, त्यांच्या घरच्यांनी प्रत्येकी बिलं चिकटवत बसण्यापेक्षा हे सोपं आहे. दुसरं म्हणजे क्लेम परत आला तर का आला ते फोनवर आपल्या भाषेत सांगणारं कुणीतरी असावं.

शेवटचा मुद्दा, आणि हा बहिणीभावांसाठी आहे. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने आईवडीलसुद्धा आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती आहे, जिल्हाधिकारी अध्यक्ष, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, त्यांच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यायचा. आईवडील असतानाच हे करा, म्हणजे त्यांना बघता येतं, बोलता येतं, आणि ज्याच्यासाठी चाललंय त्यालाही समितीपुढे बसवून त्याच्या भाषेत विचारून घ्या की तुला कुणाबरोबर राहायचंय. माझ्या भावाला मी विचारलं तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं, ताई आणि टीव्ही. आईवडिलांशिवाय दुसरं कुणी कायदेशीर पालक असेल तर निरामय पूर्ण मोफत आहे, काढतानाही आणि रिन्यू करतानाही. रक्कम छोटी आहे, पण आईवडिलांच्या नंतरचा विचार कुणीतरी योजनेत लिहून ठेवलाय, हे आमच्यासारख्या घरांना फार लागतं. आमचा अर्ज आईच्या सहीने तयार आहे, भावाचे नवीन फोटो काढायचे राहिलेत तेवढे झाले की जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन येणार, आणि तिथे काय काय कागद मागितले ते ग्रुपवर टाकते म्हणजे पुढच्यांना आधीच जमवून ठेवता येतील.